वाचकांचे प्रश्न: हर्मीसचे ग्रंथ, संध्याकाळची प्रार्थना आणि शिकागोचे सात नियम

या वेळी हर्मेटिक तत्त्वज्ञानावर (म्हणजे हर्मीस ट्रिसमेजिस्टस नावाच्या गुरूच्या नावावर खपवलेल्या, इजिप्तमधल्या जुन्या ग्रीक ग्रंथांवर) इतके प्रश्न आलेत की बहुतेक कुठलातरी रील जोरात फिरतोय. त्यामुळे आज फक्त हाच विषय, बाकीच्यांनी जरा थांबा, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न (पुणे): एका ऑनलाइन कोर्समधे 'इजिप्तचे सात हर्मेटिक नियम' शिकवले, व्हायब्रेशन, पोलॅरिटी, रिदम वगैरे. पाच हजार वर्षं जुनं ज्ञान आहे म्हणाले. खरंय का? फी भरून बसलोय म्हणून विचारतो.

उत्तर: पाच हजार सोडा हो, सव्वाशेसुद्धा झाली नाहीत. हे सात नियम ज्या पुस्तकातून येतात ते 'द किबॅलियन' १९०८ साली शिकागोत निघालं, लेखक म्हणून नाव नुसतं 'थ्री इनिशिएट्स' म्हणजे दीक्षा घेतलेले तिघं, आणि प्रकाशक कोण तर योगी पब्लिकेशन सोसायटी! लिहिणारा बहुतेक विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन असं अभ्यासक मानतात. हा माणूस पेशाने वकील, 'विचार बदला म्हणजे नशीब बदलेल' छापाची न्यू थॉट नावाची चळवळ तेव्हा अमेरिकेत जोरात होती तिच्यातला धडाधड लिहिणारा, आणि हाच गृहस्थ योगी रामचारक नावानेही पुस्तकं लिहायचा, जी आपल्याकडे कित्येकांनी भारतीय योग्याची म्हणून वाचलीत.

किबॅलियन वाचू नका असं नाही म्हणत, पण जुन्या ग्रीक ग्रंथांत ही सात नियमांची यादी नाहीये. तिथे सात आहेत ते ग्रह. त्यातल्या पहिल्याच लेखात, 'पोइमांद्रेस' मधे, मेल्यावर आत्मा वर वर जातो आणि प्रत्येक ग्रहाच्या कक्षेत एकेक दुर्गुण परत करून टाकतो, चौथ्यावर सत्तेची घमेंड, सहाव्यावर पैशाची हाव, सातव्यावर खोटेपणा, आणि मग सगळं उतरवून आठव्या पातळीवर पोचतो. सहावा टप्पा कोर्सवाल्यांनी बहुतेक गाळला असणार.

प्रश्न (नागपूर): हर्मीस ट्रिसमेजिस्टस नावाचा माणूस खरंच होऊन गेला का?

उत्तर: माणूस म्हणून नाही. अलेक्झांडरनंतर ग्रीक लोक इजिप्तमधे राहायला लागले, तिथला थॉथ म्हणजे लेखनाचा, मोजदादीचा, चंद्राचा आणि मंत्रांचा देव, कधी आयबिस पक्ष्याच्या डोक्याचा, कधी बबून माकड. ग्रीकांना तो आपल्या हर्मीस देवासारखा वाटला आणि दोघं एकत्र झाले. थॉथचं मुख्य ठाणं हर्मोपोलिस, आजचं अल-अश्मुनैन, आणि जवळच तुना अल-गबलच्या भुयारांत त्याला वाहिलेल्या आयबिस पक्ष्यांच्या ममी अक्षरशः ढिगांनी सापडल्यात. थॉथला 'महान, महान' असं पुन्हापुन्हा म्हणायची तिथली रीत, इ.स.पू. १९६ च्या रोझेटा शिलालेखाच्या ग्रीक मजकुरातही हर्मीस 'महान आणि महान' आहे, त्याचाच पुढे 'तीनदा महान', म्हणजे ग्रीकमधे ट्रिसमेजिस्टस, झाला. ग्रंथ लिहिणाऱ्यांनी स्वतःचं नाव न घालता त्याचं घातलं, इतकंच.

प्रश्न (ठाणे): मूळ ग्रंथ नक्की कोणते, किती जुने, आणि आपल्यापर्यंत आले कसे?

उत्तर: मुख्य म्हणजे 'कॉर्पस हर्मेटिकम', सतरा ग्रीक लेख, साधारण इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकातले, रोमन अमलाखालच्या इजिप्तमधले. नंबर मात्र अठरापर्यंत जातात कारण पंधरावा नाहीचे, सोळाव्या शतकातल्या एका छापील आवृत्तीत तिथे दुसरीकडचे उतारे घुसवले, नंतर ते काढले आणि जागा रिकामी राहिली ती राहिलीच. शिवाय लॅटिनमधे टिकलेला 'अस्क्लेपिअस' हा हर्मीस आणि शिष्यांचा संवाद, पाचव्या शतकातल्या स्टोबेअसने आपल्या संग्रहात घेतलेले उतारे, आणि आर्मेनियन भाषेत उरलेली छोटी वचनं. एका हाताचं हे काम नाही, कुठे जग सुंदर आहे तर कुठे जग म्हणजे नुसती घाण, त्यामुळे 'हर्मेटिक मत काय' असं कुणी एका वाक्यात सांगत असेल तर सावध राहा.

युरोपात हे परत आलं १४६० च्या आसपास, मॅसेडोनियातून एका भिक्षूने हस्तलिखित फ्लॉरेन्सला आणलं, तिथला सत्ताधीश कोझिमो दे मेदिची म्हातारा झालेला, त्याचा विद्वान मार्सिलिओ फिचिनो तेव्हा प्लेटोच्या भाषांतराला बसणार होता, त्याला सांगितलं की प्लेटो राहू दे, आधी हे कर! मरायच्या आत वाचायचं होतं म्हणून असं म्हणतात. फिचिनोने १४६३ मधे हातात असलेले चौदा लेख लॅटिनमधे केले, कोझिमो १४६४ ला गेला, पुस्तक १४७१ ला छापलं. ते हस्तलिखित अजून फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन लायब्ररीत आहे.

एवढी घाई का, तर हर्मीस हा मोझेसच्या काळचा, प्लेटोच्याही आधीचा ऋषी अशी सगळ्यांची पक्की समजूत. सिएनाच्या कॅथेड्रलमधे जमिनीवर संगमरवरात त्याचं चित्र आहे आणि खाली 'मोझेसचा समकालीन' असं चक्क कोरलंय. चर्चच्या आत बरं का.

मग १६१४ ला इसाक कासोबों नावाच्या ग्रीकच्या पंडिताने हवाच काढली. शिवकालीन म्हणून कुणी पत्र दाखवलं आणि त्यात 'स्टेशन' शब्द निघाला तर आपण जे म्हणू तेच तो म्हणाला: ही भाषा इतकी जुनी नाही, शब्द नंतरचे आहेत, मजकुरात मूर्तिकार फिडिअसचं नाव आहे, मोझेसच्या काळी तो कुठून आला? काळाबाबत त्याचं बरोबरच होतं, पण त्याने हे ख्रिश्चनांनी रचलेलं बनावट लिखाण ठरवलं आणि आतलं सगळं इजिप्त गेलं वाऱ्यावर. पुढची तीनशे वर्षं बहुतेक विद्वान इजिप्शियन नावं म्हणजे नुसती सजावट असंच धरून चालले.

प्रश्न (कोल्हापूर): हे लोक नुसती चर्चाच करायचे की पूजा, मंत्र, दीक्षा असं काही होतं? कुठे काही नीट सांगत नाहीत.

उत्तर: मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, त्यामुळे जरा लांबेल.

फ्रेंच पंडित फेस्त्यूजिएर, ज्याने विसाव्या शतकाच्या मध्यात यावर चार जाडजूड खंड लिहिले, त्याचं म्हणणं होतं की हा सगळा पुस्तकी मामला, ना देऊळ, ना पुजारी, ना विधी. मग डिसेंबर १९४५ मधे वरच्या इजिप्तमधे नाग हम्मादीजवळ शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात कोप्टिक भाषेतल्या पोथ्या सापडल्या, त्यातल्या सहाव्या पोथीत तीन हर्मेटिक मजकूर निघाले, आणि त्यातला एक आधी कुणी पाहिलेलाच नव्हता, 'आठव्या आणि नवव्यावरचा संवाद', म्हणजे सात ग्रहांच्या वरच्या पातळ्यांवरचा.

त्यात गुरू आणि शिष्य दोघंच. शिष्य म्हणतो, मला आठव्यापर्यंत न्यायचं वचन दिलं होतंत. दोघं मिळून प्रार्थना करतात, प्रार्थनेच्या मधेच नुसते स्वर येतात, अ, ओ, ए असे लांबत जाणारे, मग एकमेकांना आलिंगन, आणि शिष्याला दर्शन होतं आणि तो म्हणतो बोलता येत नाहीये. गुरू म्हणतो, मग मौनात गा. शेवटी आज्ञा होते की हे सगळं चित्रलिपीत निळसर-हिरव्या दगडाच्या शिळांवर कोरून डिओस्पोलिसच्या देवळात ठेव, उजवीकडे बेडूकतोंडे पुरुष रक्षक, डावीकडे मांजरतोंड्या स्त्रिया, ग्रहांची अमुक स्थिती असतानाच कोरायचं आणि वाचणाऱ्याने ज्ञानाचा गैरवापर करणार नाही अशी शपथ घ्यायची. हर्मोपोलिसच्या जुन्या पुराणकथेत आठ आदिदेव आहेत, पुरुष बेडूकमुखी, स्त्रिया सर्पमुखी. सापाच्या जागी मांजर आलंय पण घराणं तेच. सजावट म्हणून सोडून देण्याइतकं हे उगाच आलेलं नाही.

याच पोथीत लगेच पुढे एक उपकारस्तुती आहे आणि ती आपल्याला तीन जागी मिळते: इथे कोप्टिकमधे, लॅटिन 'अस्क्लेपिअस'च्या शेवटी, आणि ग्रीकमधे एका जादूच्या पपायरसवर, जो आता लूव्रमधे आहे. त्याच गुंडाळीत मांजर बुडवून मारायचा प्रयोगही दिलाय! म्हणजे तीच प्रार्थना कुणी ध्यानासाठी म्हणायचा आणि कुणी कामं करून घ्यायला. माझ्या मते ही प्रार्थना खरोखर म्हटली जात होती याला याहून चांगला पुरावा नको.

रोजचं असं होतं: संध्याकाळी मावळतीच्या वेळी दक्षिणेकडे तोंड, सकाळी उगवतीला पूर्वेकडे. 'अस्क्लेपिअस'मधे एक मजेशीर जागा आहे, शिष्य हळूच दुसऱ्याला म्हणतो की गुरूंना सुचवू का, धूप आणि सुगंधी द्रव्यं आणू म्हणून. हर्मीसच्या कानावर जातं आणि तो म्हणतो गप्प बस, ज्याच्याकडे सगळं आहे त्याच्यापुढे धूप जाळणं म्हणजे पाप, आपण फक्त आभार मानू. ते शब्दांचं अर्पण मानायचे. प्रार्थना झाली की मांस नसलेलं शुद्ध जेवण.

पण गंमत बघा, त्याच ग्रंथात आधी हर्मीस देवळातल्या मूर्तींचं भरभरून कौतुक करतो, माणसं वनस्पती, दगड आणि सुगंध वापरून मूर्तीत देवता कशा आणतात ते सांगतो. संत ऑगस्टिनने 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या आठव्या भागात यावरच हर्मीसला धारेवर धरलंय. मला वाटतं विरोधाभास नाही हा, गावातल्या देवळातलं चालू द्यावं आणि वरची पायरी चढलेल्याने धूपही सोडावा, असं काहीसं.

कॉर्पसच्या तेराव्या लेखात पुनर्जन्माचा विधी आहे, म्हणजे याच देहात नवा जन्म, बारा पीडा शिष्यातून निघून जातात आणि दहा शक्ती आत येतात, मग गुप्त स्तोत्र. बाकी त्यांचं देऊळ किंवा मठ म्हणता येईल अशी एकही वास्तू खणून मिळालेली नाही, हेही खरं. गुरूच्या घरी जमणारे चारदोन जण, बहुतेक एवढाच पसारा. लंडनची १८८८ ची गोल्डन डॉन ही गूढविद्येची मंडळी नावात हर्मेटिक लावायची, पण त्यांचे झगे, पायऱ्या आणि टॅरो हे फार नंतरचं.

प्रश्न (मडगाव): हे सगळं वेदान्तच वाटतं. आपल्याकडूनच गेलं असणार ना?

उत्तर: वाटतं खरं, पण पुरावा नाही. जहाजं येत होती हो, लाल समुद्रावरच्या बेरेनिकेपासून आपल्या भडोचपर्यंत व्यापार जोरात होता, आणि अकराव्या लेखात तर भारताचं नावही येतं: आत्म्याला भारतात जा म्हण, हुकूम संपायच्या आत पोचलेला असेल. पण तिथे भारत म्हणजे लांबचं टोक, गुरूचं घर नव्हे. आत जे आहे ते प्लेटो, स्टोइक विचार, ज्यूंची उत्पत्तिकथा आणि इजिप्शियन पुजाऱ्यांचं ज्ञान यातून बऱ्यापैकी उलगडतं. पुनर्जन्माचंच घ्या, दहावा लेख म्हणतो माणसाचा आत्मा जनावरात जात नाही, देवाचा कायदा त्याला वाचवतो, तर 'अस्क्लेपिअस' वाईट आत्म्यांना हलक्या देहात पाठवतो. कर्मसिद्धान्त बसवायला जाल तर दोन्हीकडे अडाल.

भारताशी खरा धागा आहे तो फार अलीकडचा. थिऑसॉफिकल सोसायटीचे ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ ला मुंबईत उतरले, गिरगावात राहिले, 'द थिऑसॉफिस्ट' मासिक तिथूनच सुरू केलं. हर्मीस आणि वेदान्त एकाच ताटात वाढायची सवय लागली ती या मंडळींमुळे, आणि ब्लाव्हाट्स्कीचा सचिव असलेल्या मीडनेच पुढे १९०६ मधे हर्मेटिक ग्रंथांचं तीन खंडी इंग्रजी भाषांतर केलं.

प्रश्न (न्यू जर्सी): 'जसं वर तसं खाली' हे तरी जुनं आहे ना? पाचूच्या पाटीवर होतं म्हणतात.

उत्तर: पाटी कुणी पाहिलेली नाही. मजकूर मिळतो तो अरबीत, आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या सृष्टीच्या गुपितावरच्या एका ग्रंथात, बलिनास म्हणजे त्यानाच्या अपोलोनिअसच्या नावावर. बाराव्या शतकात लॅटिनमधे गेला आणि किमयागारांनी डोक्यावर घेतला, न्यूटननेही स्वतःसाठी इंग्रजी केलाय, तो कागद केंब्रिजला आहे. म्हणजे जुना आहे, पण ग्रीक लेखांतला नाही.

प्रश्न (पुणे, पहिलेच वाचक): मग आता फी फुकट गेलीच आहे तर वाचू काय?

उत्तर: ब्रायन कोपेनहेव्हरचं १९९२ चं इंग्रजी भाषांतर घ्या, त्यात कॉर्पस आणि 'अस्क्लेपिअस' दोन्ही आहेत. पहिला लेख, मग एकदम तेरावा, मग सोळाव्याची सुरुवात, तिथे बजावलंय की हे ग्रीकमधे आणू नका, ग्रीकांची भाषा पोकळ, आमच्या शब्दांत शक्ती आहे, आणि हे सगळं लिहिलंय चांगल्या ग्रीकमधे. नाग हम्मादीचा संवाद वेगळा मिळतो, पंधरावीस मिनिटांत होतो. 'अस्क्लेपिअस' शेवटी ठेवा, मधे फार रेंगाळतो, पण देव इजिप्त सोडून जातील आणि मागे फक्त कुणाचा विश्वास न बसणाऱ्या गोष्टी उरतील असं जिथे म्हटलंय तो भाग सोडू नका.