गर्भातली नशा, औषधं आणि मुलाचं बोलणं

प्रश्न : आमच्या दत्तक मुलीची जन्मदाती गरोदरपणी कोकेन घेत होती. मुलगी दोन वर्षांची झाली, पण सात-आठच शब्द बोलते. हा कोकेनचाच परिणाम का?

उत्तर : तसं ठामपणे म्हणता येत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘क्रॅक बेबी’ची, म्हणजे आईने गरोदरपणी क्रॅक (ओढायचं कोकेन) घेतलेल्या मुलांची, मोठी धास्ती पसरली होती, अशी मुलं कायमची अधू राहणार, असं सर्रास छापून येई. पुढे या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २००१च्या आढाव्यात दारू, तंबाखू, घरची परिस्थिती हे सगळं हिशोबात धरल्यावर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या भाषेवर कोकेनचा सातत्याने दिसणारा परिणाम सापडला नाही. नंतरच्या काही अभ्यासांत भाषेत थोडा फरक दिसला, पण थोडाच.

म्हणून कारण शोधण्यात वेळ घालवू नका. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द हवेत, ‘आई ये’सारखी जोडीही जमायला हवी. म्हणजे तुमची मुलगी मागे आहे. आधी कानांची तपासणी करा. ऐकू येण्यातला दोष कितीदा ‘नशेचा परिणाम’ या शिक्क्याखाली दडून राहतो! मग लगेच स्पीच थेरपिस्टकडे जा. ‘बोलेल हळूहळू’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका.

प्रश्न : मला फिट येतात, व्हॅल्प्रोएट चालू आहे. आम्हाला बाळ हवंय. डॉक्टरांनीच लिहून दिलेली गोळी आहे, तर काळजी नाही ना?

उत्तर : खरं सांगायचं तर मला पहिल्या प्रश्नापेक्षा तुमची काळजी जास्त वाटते. गर्भावस्थेत व्हॅल्प्रोएट मिळालेल्या मुलांची बुद्धी आणि विशेषतः भाषिक क्षमता कमी राहते, स्वमग्नतेचं प्रमाणही वाढतं, याचे पुरावे भक्कम आहेत. मात्रा जास्त, तेवढा धोका जास्त. मात्र गोळी आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. दिवस राहण्याआधीच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासेटॅम यांसारखे तुलनेने सुरक्षित पर्याय आहेत. तुम्हाला कोणता चालेल, हे तेच ठरवतील.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. एक पाच वर्षांचा मुलगा अखंड बडबडतो, पण साधी गोष्ट परत सांगता येत नाही, सूचनाही विसरतो. गरोदरपणी आई दारू प्यायची, असं कळलं.

उत्तर : दारूच्या बाबतीत हे चित्र ओळखीचं आहे. बडबडीमुळे फसगत होते. शब्द असतात, पण घटना क्रमाने मांडणं, समोरच्याला काय ठाऊक आहे हे ओळखून बोलणं जमत नाही. गर्भात दारूचा परिणाम झाल्याच्या चेहऱ्यावरच्या खुणा बहुतेकांत नसतात, त्यामुळे निदान राहून जातं. एका वेळी एकच छोटी सूचना द्या. चित्रं क्रमाने लावून त्यावरून गोष्ट सांगायला लावा. आईची उलटतपासणी मात्र नको. आरोपाचा सूर लागला की ती डॉक्टरांपासूनही खरं लपवेल, आणि निदानासाठी तीच माहिती लागते.

प्रश्न : गरोदरपणी मळमळीवर गांजा चालतो का? वनस्पतीच तर आहे.

उत्तर : नाही. त्यातलं टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य वारेतून बाळापर्यंत पोचतं. भाषेवरच्या परिणामाबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, पण बाळाचं वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळला आहे. मळमळीवर गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.