पालखी पुण्यात 'विसावते' की 'मुक्कामी' असते?

प्रश्न असा आला आहे: आळंदी आणि देहूहून निघालेल्या दोन्ही पालख्या पुण्यात पोहोचल्या की पुढचा अख्खा दिवस तिथेच थांबतात. या दिवसाला बातम्यांत 'विसावा' म्हणतात, वेळापत्रकात 'मुक्काम' छापलेलं असतं आणि पुण्यातून वारीत सामील होणारी नोकरदार मंडळी 'रेस्ट डे' म्हणतात. यातलं बरोबर काय?

मुक्काम. वाटेत, दिवसाउजेडी, घटकाभर टेकायचं तो विसावा. रात्र काढायची तो मुक्काम. माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबा मंदिरात दोन रात्री असते. तरी दर ज्येष्ठात 'पालखी दोन दिवस पुण्यात विसावणार' हे कानावर आदळतंच. दोन दिवसांचा विसावा कुठून आणला? तिरडी स्मशानाच्या वाटेवर क्षणभर खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. ओझं खाली ठेवून पुन्हा उचलायचं, एवढाच त्या शब्दाचा जीव. मुक्कामाचा रात्रीशी संबंध किती पक्का आहे हे खेड्यातल्या माणसाला विचारा: संध्याकाळी गावात येऊन सकाळी सुटणारी एसटी ती 'मुक्कामी गाडी'. तिला कोणी विसाव्याची गाडी म्हणत नाही.

'रेस्ट डे' तर त्या दिवसाला लागूच पडत नाही. काकडा, भजन, कीर्तन, दर्शनाच्या रांगा सगळं चालूच असतं. त्यातच कपडे धुवायचे, चपला शिवून घ्यायच्या, दाढी-कटिंग उरकायची, पुण्यातल्या लेकी-भाच्यांकडे डोकवायचं. दुसऱ्या दिवशी माउलींच्या वारकऱ्यांना दिवे घाट चढून सासवड गाठायचं असतं, आणि बहुतेक वर्षी नेमकी तेव्हा एकादशी असते.

'विसावा' म्हणजे 'विशेष सावली' अशी फोड करणारे आहेत. ती साफ चुकीची आहे. शब्द आला 'विश्राम'वरून. प्राकृतात श्र चा स झाला आणि पुढे म चा व. ग्रामचं गाव, नामचं नाव, जेमनचं जेवण, पंचमचा पाचवा, आणि श्यामलचा सावळा झाला तो याच वाटेने. जुन्या लेखनात 'विसांवा', 'गांव', 'नांव' असा अनुस्वार दिसतो, तो त्या हरवलेल्या म चा माग आहे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी तो पुसला. लिहायला सोपं झालं हे मान्य, पण शब्दाचा जन्मदाखलाच फाडला गेला, आणि मग सावलीसारख्या फोडी सुचायला लागल्या.

पण खरी मजा मुक्कामात आहे. मूळ अरबी 'मुकाम', धातू क-व-म, अर्थ उभं राहणं. कायम म्हणजे उभा असलेला, कौम याच धातूची, कयामत म्हणजे मेलेल्यांचं उठून उभं राहणं. अरबीत 'मकाम' आणि 'मुकाम' असे दोन शब्द आहेत. मकाम म्हणजे उभं राहण्याची जागा. मक्केत काबागृहाजवळ 'मकाम-ए-इब्राहिम' आहे तो हाच, आणि सूफी साधनामार्गातल्या टप्प्यांनाही मकामच म्हणतात. मुकाम आला 'अकामा' या क्रियापदावरून, म्हणजे राहणं, तळ देणं. आपण उकार असलेला घेतला, म्हणजे नेमका निवडला. सौदीत नोकरीला गेलेल्या रत्नागिरीकडच्या माणसाच्या खिशात राहण्याचा परवाना असतो, त्याला 'इकामा' म्हणतात. तो मुक्कामाचा सख्खा भाऊ.

मुक्काम काढून तिथे 'निवास' किंवा 'वास्तव्य' घाला म्हणणाऱ्या भाषाशुद्धीवाल्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. 'पालखीचं पुण्यात वास्तव्य' हे भाडेकरारातलं वाक्य वाटतं. शिवाय वारीतून हा शब्द काढलात तर वारीचा इतिहासच काढाल. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या पदरी होते, लष्कराची चाल त्यांना पाठ. दिंड्यांचे क्रमांक, पुढे नगारखाना, चोपदाराची काठी उंचावताच होणारी शांतता, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू हे सगळं फौजेचं वळण आहे. तळ, कूच, मजल, मुक्काम हे शब्द मराठी फौजेच्या पत्रांत पानोपानी सापडतात. पत्राच्या शेवटी 'मुक्काम अमुक' लिहायची रीत तिथलीच, आणि पत्त्यावरच्या 'मु. पो.'मधला 'मु.' त्याच घरचा. माझं ठाम मत आहे की वारीत मुक्काम हा शब्द रुजला तो या लष्करी शिस्तीबरोबर. आणि टिकला याचंही मला एक कारण दिसतं: जिथे जायचं ते दैवत अठ्ठावीस युगं विटेवर उभं आहे, आणि वाटेत थांबण्याच्या शब्दाच्या पोटातही उभं राहणंच आहे. यावर कोणी नाक मुरडलं तरी मी हे सोडणार नाही.

हल्ली हिंदीच्या नादाने 'तिने यशाचा नवा मुक्काम गाठला' असं लिहिलेलं दिसतं. हिंदीत 'मुक़ाम' म्हणजे मिळवलेली उंची, म्हणून तिथे ते चालतं. मराठीत मुक्काम ठोकतात, पडतो, वाढतो, आणि सकाळ झाली की हलवतात. यशाला टप्पा म्हणा, शिखर म्हणा. पुढच्या मजलेवर निघणाऱ्याचा हा शब्द त्याच्याकडेच राहू द्या.