भगताकडे नेऊ नका, हे सांगायचं कसं

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचलं. तुझ्या सभेत माना डोलावणारी माणसं साप चावला की भगताकडेच धावतात, याचा तुला त्रास होतोय, आणि म्हणून तुला एनएलपीचा, म्हणजे शब्दांच्या मांडणीनं माणसाचं मन वळवता येतं असं सांगणाऱ्या 'न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग'चा महागडा कोर्स करायचाय. बँडलर आणि ग्रिंडर यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ती पद्धत मांडली. तिचे मोठमोठे दावे संशोधनात टिकलेले नाहीत. पैसे वाचव. बोलण्याची मांडणी बदलली की ऐकणारा मात्र खरंच वेगळं ऐकतो, आणि ते शिकायला गावच पुरेसं आहे.

'मंत्रानं विष उतरत नाही' असं तू म्हणतेस. समोरच्या आजोबांनी तर भगताच्या ओटीवरून माणूस उठून घरी गेलेला डोळ्यांनी पाहिलाय. तू त्यांच्या डोळ्यांनाच खोटं ठरवतेस. ते खोटं बोलत नाहीत गं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर चावून कुणी मरत नाही. विषारी सापही दर दंशात विष सोडतोच असं नाही. भगताचं यश यातून येतं. आजोबांचा अनुभव आहे तसा राहू दे आणि विचार, 'साप कोणता होता? कुणी पाहिला होता?' नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं गावात सगळ्यांना ठाऊक असतात. मण्यार चावून झोपेतच गेलेलं कुणीतरी कुणालातरी आठवतंच. ते आठवेपर्यंत गप्प बस. तुला हेच सगळ्यात जड जाईल, तुझ्याकडे माहिती भरपूर आहे म्हणून.

विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाबाबत हेच मांडलं. आपण बदलाची बाजू रेटली की समोरचा आपोआप उलट बाजू लढवतो, आणि स्वतःच्या तोंडून जे निघतं त्यावरच त्याचा विश्वास वाढतो. म्हणून 'भगताकडे का नेता?' असं विचारू नकोस. त्याला कारणं द्यावी लागतात, आणि दर कारणागणिक तो अधिक पक्का होतो. 'दवाखान्यात न्यायचं तर अडतं कुठे?' असं विचार. मग खरं बाहेर येतं. रात्री गाडी मिळत नाही, सोबत कोण येणार, तिथे इंजेक्शन नसलं तर? यातल्या कशालाही मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. १०८ ला फोन करायचा, इंजेक्शन कुठे असतं ते आधी विचारून ठेवायचं, एवढं बोलता येतं.

'दवाखाना चांगला, पण लांब आहे,' असं कुणी म्हणालं तर त्याचेच शब्द फिरवून ठेव: 'लांब आहे खरा, पण इंजेक्शन तिथेच आहे.' मनात उरतं ते 'पण'च्या पुढचं. आणि 'तुम्ही लोक' कधीच नको. 'आपल्या गावात रात्री असं झालं तर आपण काय करायचं?' असं म्हण. मग तूही त्या गावातली होतेस.

भोंदूंनाही हे सगळं येतं, हे विसरू नकोस. 'विश्वास नसेल तर गुण येणार नाही,' या वाक्यात अपयशाचा दोष आधीच रोग्याच्या माथी मारलेला असतो. तुझं कुठलंही वाक्य कसं आणि कशासाठी रचलं, हे त्या माणसाला उद्या तोंडावर सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ते वापरू नकोस.

साप चावल्यावर औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. कायदा माहीत असू दे, पण बोलण्याची सुरुवात त्यानं केलीस तर दारं बंद होतील.

प्रत्यक्ष दंश झाला त्या रात्री यातलं काहीही करत बसू नकोस. पेशंटला चालू देऊ नका, अवयव हलू देऊ नका, गाडी काढा. भगत येतो म्हणाला तर त्यालाही गाडीत घ्या, मंत्र वाटेत म्हणू दे. त्याच्याशी खरं बोलणं पावसाळ्याआधी करून ठेव. लोक आधी त्याच्या दारात येतात, तेव्हा 'आधी दवाखान्यात जा' हे त्याच्या तोंडून निघालं तर तुझ्या दहा सभांचं काम होईल. या वैशाखात त्याच्या ओटीवर जाऊन बस.

तुझ्या कामाला मनापासून आशीर्वाद.