हात लावू दे त्यांना

पोरी, सलाम.

रविवारी उपासनेनंतर तू चर्चच्या ओट्यापाशी थांबून नाताळच्या खर्चाचा तो कागद दाखवलास. झाड, चकचकीत माळा, गोठ्यातल्या बाळ येशूची तयार गव्हाण, सांताचे दोन ड्रेस, केक, मॉलमधला गेम झोन. खाली बेरीज, बेरजेखाली रेघ आणि रेघेखाली पेन्सिलीनं ‘बचत गट?’ असं लिहिलेलं. “काका, यंदा पोरांना काय सांगू?” म्हणालीस, तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि उत्तर राहिलं.

बचत गटाचं पुस्तक आधी कपाटात ठेव. ते कर्ज मुलीच्या फीला लागेल. शिवाय नाताळ झाला की वीस दिवसांत संक्रांत, म्हणजे गड्डा, आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानावर पाळणे उभे राहिले की तुझी दोघं पदर सोडायची नाहीत. दोन्हीकडं पुरेल एवढा खिसा टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या बाईला कुणी शिवून दिलेला नाही.

पण पैशाचं जाऊ दे. त्या कागदावर पोरांनी स्वतः करायचं असं एकही काम मला दिसलं नाही. सगळं बघायचं, अंगात घालायचं नाहीतर खायचं. मला खटकलं ते हे.

आमची गिरणी बंद पडली त्या वर्षी मी थोरल्याला उधारीवर बॅटरीची मोटार आणली. उधारी होळीपर्यंत फेडत होतो. मोटार मात्र कपाटावर, सेल संपतील म्हणून. रविवारी पाच मिनिटं खाली. त्याच वर्षी नाताळला दारात टांगायची चांदणी मीच केली, रात्री, पोरं झोपल्यावर. तो उठून आला, बोटाला खळ लावून कागदाकडं हात नेला, आणि मी खेकसलो, “हात लावू नको, वाकडी होईल!” चांदणी सरळ झाली. गल्लीत सगळ्यांनी वाखाणली. पोरगं परत कधी जवळ आलं नाही. तेव्हा कागद वाया घालवणं परवडत नव्हतं गं, एवढं तरी धर. पण पतंगाच्या कागदाचा एक ताव तो केवढ्याचा!

म्हणून सांगतो, त्यांना हात लावू दे.

चांदणी घरीच कर. बांबूच्या सारख्या मापाच्या दहा कामट्या. पाच-पाच बांधून दोन चांदण्या होतात. एकीवर एक ठेवून पाची टोकं सुतळीनं आवळायची आणि आतल्या पाच कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या उभ्या अडकवायच्या, म्हणजे ती फुगते. वर कागद, आत एलईडीचा छोटा बल्ब, मेणबत्ती नको. मैद्याची खळ तू शिजव, निवली की ढवळायला धाकट्याला दे. सांडेल. सांडू दे. तुझ्या घरात सूत आणि खळ नवी आहे का? तुझे आजोबा मागावर होते ना?

गव्हाण विकत आणायची म्हणतेस तेव्हा मला हसू येतं. इटलीत ग्रेचो नावाचं डोंगरातलं गाव आहे. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिसनं तिथं गव्हाण मांडली. गवत आणलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं. मूर्तींचा पत्ताच नव्हता. आणि आपण, ज्यांच्या जिल्ह्यात ज्वारीचा कडबा गंजीनं पडलेला असतो, प्लास्टिकचं गवत आणायचं? मूठभर कडबा कुठल्याही गोठ्यावर मागून मिळतो. मेंढ्या मातीच्या करू देत. त्यांची मेंढी डुकरासारखी दिसली तर दिसू दे, तू दुरुस्त करायला बसू नकोस. तुझा हात कसा शिवशिवतो ते मला ठाऊक आहे.

झाडही तसंच. विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात तेव्हा कडुलिंबाची एक वाळकी फांदी उचल, चुना मार, वाळूच्या बादलीत रोव. कारखान्यात रिळांना उरलेलं रंगीत सूत फेकतात, ते विचारून घे. मुलीला गोंडे करायला शिकव, चार बोटांवर गुंडाळून. सांताच्या ड्रेसबद्दल मी काही बोलत नाही. शाळेचा आग्रहच असेल तर लाल टॉवेलला कापूस लाव. सोलापुरात राहून टॉवेलला महाग?

करंज्या करशीलच. कातणं मुलीच्या हातात दे. फुटतील दहा-बारा तेलात. आणि रात्री गाणारी मंडळी दाराशी आली की पोरांना उंबऱ्यात उभं करून मोबाईलवर व्हिडिओ काढत बसू नकोस. पायात चप्पल, हातात झांज, आणि पुढच्या चार घरांपर्यंत त्यांच्याबरोबर धाड. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांना जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली. टाळ-पेटीवर म्हणायची ख्रिस्ती भजनं त्यांनी आपल्याला दिली, ती काय ऐकून घरी परत जायला?

दुपारी वेळ मिळाला तर हिप्परग्याच्या तळ्यावर जा. थंडीत बाहेरचे पक्षी उतरलेले असतात. भाकरी, शेंगाचटणी बांधून घे. तिथं मात्र हात लावायला काही नाही, नुसतं बघायचं. एवढं चालेल.

तुला वाटेल म्हातारा एकच धरून बसलाय. हो, बसलोय. सिद्धेश्वराच्या यात्रेआधी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीचा, सराव चालतो तो बघितलायस ना? आपला तो सण नाही, पण मी दरवर्षी बघत उभा राहतो. ज्याच्या हाताला ती काठी एकदा लागते, तो माणूस पुढं मुंबईला असो नाहीतर कुठं, गड्ड्याला येतोच. नुसता पाळण्यात बसून गेलेला येईलच असं नाही.

माझा थोरला पुण्यात आहे. गेल्या नाताळात त्यानं पेटणारं तयार झाड ऑनलाइन मागवलं. नातवानं बटण दाबलं, दोनदा, आणि मोबाईल घेऊन बसला. मी बोललो. बोलायला नको होतं. थोरला म्हणाला, “अण्णा, तुम्ही आम्हाला कधी काही करू दिलं का?” सून स्वयंपाकघरात गेली. मी म्हणालो, “मोटार कुणी आणली होती?” काय उत्तर झालं हे! पण त्या घडीला तेच सुचलं.

तर, येत्या शनिवारी संध्याकाळी दोघांना घेऊन माझ्याकडं ये. कामट्या तासून ठेवल्यात, सुतळी आहे. कागद लाल आणि पिवळा आहे, निळा मिळाला तर तू आण. जुन्या साडीचा काठ असला तर तोही, शेपटीला लागेल. धाकट्याला चांगले कपडे घालू नकोस.

तुझा,
काका