शेतीचा वाटा 18 टक्केच, मग एवढं महत्त्व कशाला?

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा 18 टक्क्यांच्या आसपास, मग शेती-शेती करण्यापेक्षा कारखाने वाढवावेत. माझं माहेर शेतकऱ्याचं. त्याचं बोलणं लागतं, पण उत्तर सुचत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आकडा मुलाने बरोबर सांगितला. त्याच्या शेजारचा आकडा मात्र त्याला दाखवा. देशात काम करणाऱ्या दर 100 माणसांत 45-46 जण शेतीवर आहेत. 2018-19 साली हे प्रमाण 42.5 टक्के होतं, 2020-21 मध्ये 46.5 झालं. मधल्या काळात काय घडलं, ते मी आमच्या ओट्यावरून पाहिलंय. टाळेबंदीत माझे दोन पुतणे चाकणच्या कारखान्यांतून काही चालत, काही टेम्पोने सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. उन्हाळ कांद्याची काढणी चालू होती आणि मजूर मिळत नव्हते. पोरं दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन पात कापायला बसली. आठवड्यात तळहात सोलले, पण कांदा साठवायची चाळ भरली आणि दोन्ही घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. त्या वर्षी देशाचं एकूण उत्पन्न घटलं, शेतीचं वाढलं.

दुसरी गोष्ट 1972 ची. मी दहा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची आणि आई ओला हात फिरवून सांधायची. त्याच्या सहा वर्षं आधी, 1966 साली, देशाने सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणलं होतं, बहुतेक अमेरिकेतून. जहाज लांबलं तर रेशनवर काय द्यायचं, ही सरकारची चिंता होती. 1950-51 मध्ये देशात जेमतेम 5 कोटी टन धान्य पिकायचं, आता 32 कोटी टनांच्या वर जातं. आज सुमारे 80 कोटी लोकांना दरमहा रेशन मिळतं, ते इथल्याच शेतकऱ्याने पिकवलेलं. कारखाने उभारायला लागणारं परकीय चलन धान्यावर घालवावं लागत नाही, हेही मुलाला सांगा.

आणि 18 टक्के म्हणजे काय मोजलं? मालाला मिळालेला पैसा, त्यातून बी-खताचा खर्च वजा करून. मी एका वर्षी कांदा आदल्या वर्षीच्या निम्म्या भावाने, 6 रुपये किलोने विकला. रोपं तेवढीच, रात्रीची लाईट आल्यावर दिलेलं पाणी तेवढंच, पण हिशेबात माझं काम निम्म्याहून कमी भरलं. त्या वर्षी गावातल्या टेलरकडे दिवाळीचे कपडे शिवायला आले नाहीत, दुचाकीच्या शोरूममध्ये पोरं नुसती चौकशी करून परतली. त्या दुचाक्याही कारखान्यातच बनतात ना!

कारखाने वाढावेत, हे मुलाचं म्हणणं मला मनापासून पटतं. चार एकरांत तीन कुटुंबं भागत नाहीत. पुतणे चाकणला परत गेले, ते जायलाच हवे होते. धाकटा अजून दर वर्षी काढणीला रजा टाकून येतो.