शनिवारचा सोलापूरचा फोन

आई जुळे सोलापूरला एकटी, मुलगा न्यू जर्सीत. शनिवारी सकाळी नऊला तो फोन लावतो. हिवाळ्यात तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. “बीपी बघितलंस? चालायला गेलीस? गोळी?” आई म्हणते, “घेते की रे.” चार मिनिटांत बोलणं संपतं आणि दोघंही हिरमुसतात.

अशा घरांना रिॲलिटी थेरपी या समुपदेशनाच्या पद्धतीचा फार उपयोग होतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ विल्यम ग्लासर यांनी ती 1965 मध्ये पुस्तकातून मांडली आणि 1998 मध्ये तिच्यामागचा विचार ‘चॉइस थिअरी’ या नावानं. सांगणं एवढंच, की ताबा फक्त स्वतःच्या वागण्यावर असतो. जगणं, आपुलकी, कर्तबगारी, स्वातंत्र्य आणि मौज या पाच गरजा प्रत्येकाला असतात. मुलाला आपुलकी हवी असते. पण त्याच्या चौकशीनं आईची कर्तबगारी आणि स्वातंत्र्य दुखावतं. घर चालवलेल्या बाईला दर शनिवारी गोळीचा हिशेब द्यावा लागतो, मग ती तुटक उत्तरं देते.

याच थेरपीतले समुपदेशक रॉबर्ट वुबोल्डिंग यांनी चार प्रश्न घालून दिले. ते वहीत स्वतःसाठी लिहा. मला काय हवंय? त्यासाठी मी सध्या काय करतोय? त्यानं हवं ते मिळतंय का? आता काय करणार?

सगळी मदार तिसऱ्या प्रश्नावर आहे, आणि लोक नेमका तोच टाळून पुढे जातात. मागचे तीन फोन आठवा. किती प्रश्न विचारलेत? आई स्वतःहून किती वाक्यं बोलली? उत्तर तुम्ही स्वतः द्यायचं. बायकोनं किंवा समुपदेशकानं दिलं, तर तो ठपका वाटतो आणि तुम्ही बचाव करत बसता.

चौथ्याचं उत्तर लहान आणि मोजता येईल असं हवं. ‘आईशी नीट बोलेन’ ही योजना नव्हे. ‘टोकणार नाही’ हीसुद्धा नव्हे, कारण टोकण्याच्या जागी काय, ते त्यात नाही. असं ठरवा: या शनिवारी पहिली दहा मिनिटं तब्येत बाजूला, शेंगा चटणीचं विचारायचं. दाणे किती भाजायचे, लसूण कधी घालायचा, तेल सुटेपर्यंत किती कुटायचं. यातलं आईला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून ती खुलून सांगते. बीपीचा आकडा तिनं रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवावा का, हे तिलाच विचारा, आणि ‘नको’ आलं तर तिला काय सोयीचं ते ऐका.

योजना ‘आई चिडली नाही तर’ अशा अटीत अडकवू नका. आईचं चिडणं तुमच्या हातात नसतं. ‘आधी बरं वाटू दे, मग बोलेन’ हेही उलटं आहे. ग्लासर गाडीचं उदाहरण देत: कृती आणि विचार ही पुढची चाकं, भावना आणि शरीर मागची. स्टिअरिंग पुढच्यांना असतं. एखादा शनिवार फसला, तर ‘का जमलं नाही’ यावर वेळ घालवू नका. दहा मिनिटांची पाच करा. आणि हे चार प्रश्न आईवर उलटतपासणीसारखे झाडू नका, तीही चौकशीच होते.

एका बाबतीत ग्लासर यांच्या मागे जाऊ नका. मनाच्या आजारावरच्या औषधांना त्यांचा विरोध होता. घरात कुणाचे उपचार सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करायची नाही. आणि जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं, तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.