आधी वहीत, मग पडद्यावर

चि. पोरी,

तुझा निबंध मिळाला. 'भावी शिक्षक म्हणून वर्गातील तंत्रज्ञानाबद्दल माझे मत'. विषय तुझ्या डी.एल.एड.च्या (शिक्षक पदविकेच्या) मॅडमनी दिलेला, पण खाली जी ओळ तू घाईघाईत लिहिली आहेस, 'बाई, मी नक्की कुठल्या बाजूची तेच मला कळत नाहीये', ती तुझी स्वतःची आहे. म्हणून हे उत्तर त्या ओळीला आहे.

पहिल्या पानावर तू म्हणतेस की स्मार्ट बोर्डाशिवाय आता वर्ग चालणारच नाही. दुसऱ्या पानावर मोबाईलमुळे मुलांची एकाग्रता गेली म्हणून हळहळतेस. आणि शेवटी 'दोन्हींचा समतोल साधावा' असं लिहून मोकळी होतेस. अगं, समतोल साधायचा म्हणजे सोमवारी सकाळी अकरा वाजता, समोर तिसरी आणि चौथी एकत्र बसलेली असताना, नेमकं काय करायचं? ते लिहिलंस तर मी वाचेन. आणि तिसरा परिच्छेद तुझा नाही, हेही मला कळलं. 'बहुआयामी अध्ययन-अनुभवांची समृद्ध परिसंस्था' असं तू आयुष्यात बोलली नसशील. चॅटजीपीटीला विचारलंस, त्याबद्दल रागावत नाही. त्याला विचारण्याआधी स्वतः चार ओळी खरडल्या नाहीस, त्याबद्दल रागावतेय. का ते पुढे येईलच.

मी कुठल्या बाजूची, ते सांगते. मुलाने आधी आपला अंदाज वहीत लिहायचा, मग पडदा लावायचा. माझी बाजू एवढीच. पडदा टीव्हीचा असो, मोबाईलचा असो, उद्या आणखी कसला येवो. आधी वहीत.

सातवीच्या भूगोलातली भरती-ओहोटी घे. आमच्या शाळेच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसायची. वर्गात निम्मी पोरं खारवीवाडीतली, म्हणजे मासेमारांची. एका वर्षी मी त्यांना छान ॲनिमेशन दाखवलं : निळी पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, दोन्ही बाजूंनी फुगलेलं पाणी. पोरं टक लावून बघत होती. 'समजलं का?' 'होऽऽ बाई!' मग मी विचारलं, आज आपल्या बंदरात पूर्ण भरती किती वाजता? सगळे गप्प. पुस्तक उघडून शोधायला लागले! शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याचं अक्षर लागायला मला रोज चष्मा पुसावा लागे, तो छताकडे बघत म्हणाला, 'आज चतुर्थी ना? मग तीन वाजता.' कसं काढलंस रे? 'आजा सांगतो. तिथीची पाऊणपट.'

किनाऱ्यावरची जुनी माणसं हाच हिशोब करतात, तुझ्या आजोबांनाही माहीत असेल. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. त्या पोराला हे पाठ होतं, पण शाळेत चालणाऱ्या गोष्टींत ते मोडतं हे त्याच्या गावीही नव्हतं. व्हिडिओने त्याला चंद्र दाखवला, त्याची होडी मात्र दाखवली नाही. मी नुसता व्हिडिओ लावून मोकळी झाले असते, तो प्रश्न विचारला नसता, तर तो बोललाच नसता.

पुढच्या वर्षी मी उलट केलं. पडदा बंद. आज तिथी कोणती, भरती केव्हा, उद्या लवकर येईल की उशिरा, किती उशिरा, सगळं वहीत लिहा. चुकलं तरी खोडायचं नाही. पंधरवडाभर रोज लिहा. मगच मी मोबाईलवर भरतीच्या वेळा उघडल्या. सुरुवातीच्या तिथींना आजोबांचा हिशोब आणि मोबाईल जवळजवळ जुळत होते, पुढे पुढे फरक पडत गेला. एका मुलीने तो फरक धरला आणि सोडेचना. शेवटी तिनेच मांडलं : महिन्यात तीस तिथी, तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकून परत जागेवर येते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं आजोबांनी सोडून दिलेली! एकादशीला पाऊणपटीने सव्वाआठ येतात, तिच्या हिशोबाने आठ अठ्ठेचाळीस. मोबाईल तिसरंच काहीतरी सांगत होता, कारण किनाऱ्याची ठेवण, खाडीचं तोंड, चंद्राचं जवळ-लांब असणं हे सगळं त्यात येतं. मग व्हिडिओ लावला, तोच, आदल्या वर्षीचा. त्या दिवशी पोरांनी तो तीनदा थांबवायला लावला. उधाणाच्या (सर्वांत मोठ्या भरतीच्या) दिवशी सूर्य कुठे, भांगाच्या (सर्वांत लहान भरतीच्या) दिवशी कुठे, असं विचारून मला भंडावून सोडलं.

यंत्र तेच, व्हिडिओ तोच. मधे फक्त वही आली.

हे मी माझ्या हट्टापायी सांगतेय असं समजू नकोस. (हट्टी आहेच म्हणा. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, तिथे माझं नावच 'वहीवाल्या बाई' पडलं होतं.) २००४ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. भौतिकशास्त्राच्या वर्गातली प्रात्यक्षिकं काही विद्यार्थ्यांनी नुसती पाहिली, काहींनी पाहण्याआधी काय होईल त्याचा अंदाज नोंदवला, काहींना ती दाखवलीच नाहीत. नुसतं पाहणाऱ्यांची समज न पाहणाऱ्यांपेक्षा फारशी बरी निघाली नाही. अंदाज नोंदवणारे स्पष्ट पुढे गेले. अंदाजाला लागली ती दोनेक मिनिटं. हा अभ्यास माझ्या हाती फार उशिरा आला. आधी आला असता तर परिषदेत हसणाऱ्यांच्या हातात दिला असता. असो.

आता तुझी दुसरी अडचण. मुंबईकर मंडळाने गणपतीत येऊन दिलेला टीव्ही. तू सराव पाठाला गेलीस त्या शाळेत तो आहे आणि कोणी लावत नाही, असं तू चिडून लिहिलंयस. मला तो न बघताच दिसतो. वर भरतकामाचं कव्हर, कोपऱ्यात वाळलेलं हळदकुंकू, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला, मागच्या पिनांना खाऱ्या हवेने हिरवट गंज. का लावत नाहीत? बिघडला तर जबाबदारी कोणाची, म्हणून. आमच्याकडे संगणक आले तेव्हा ते ऑफिसच्या कपाटामागे कुलपात होते. चावी माझ्याकडे नव्हती, मागूनही मिळाली नाही. एक अख्खी तुकडी माऊसला हात न लावता सातवी पास होऊन गेली. त्यातली एक मुलगी परवा फेरीबोटीत भेटली, बँकेचं काम मोबाईलवर सरसर करत होती. म्हणजे तिचं काही अडलं नाही. माझं मात्र अजून अडतं. वस्तू वापरून बिघडली तर बिघडू दे, हे मोठ्याने म्हणणारं माणूस शाळेत एक तरी लागतं. ते तू हो. कव्हर काढ, लाव.

पण त्यासाठी आधी प्रश्न फळ्यावर लिही! टीव्ही लावणं म्हणजे शिकवणं असं वाटायला लागलं की संपलं. ही आश्वासनं माझ्या पिढीने खूप ऐकली. १९७५-७६ मध्ये 'साईट' प्रकल्पात उपग्रहावरून २,४०० गावांत टीव्ही पोचला, तेव्हाही गावं बदलणार होती. २००४ मध्ये एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला, तेव्हाही. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. यातलं काहीच वाईट नव्हतं. दीक्षावरचे काही व्हिडिओ मी स्वतः आवडीने वापरले. पण ग्रामीण मुलांना काय येतं ते तपासणारी 'असर'ची २०२३ ची पाहणी बघ. १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरात स्मार्टफोन, आणि साधारण २५ टक्क्यांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमत नाही. फोन पोचला. पोरगं पोचायचं राहिलं.

म्हणून फोन फेकून दे म्हणत नाही. उलट वाचनासाठीच वापर. मुलाला धडा वाचायला लाव, त्याचा आवाज रेकॉर्ड कर आणि त्यालाच ऐकव. पण ऐकण्याआधी विचार : कुठे अडखळलास वाटतं? पेन्सिलने खूण कर. मग ऐक. चौथीतला एक मुलगा 'प्रकाश'चा 'परकाश' करायचा. मी शंभरदा सांगून सुधारला नव्हता, स्वतःच्या कानाने दोनदा ऐकून सुधारला. या रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही, लाईट गेली तरी चालतं. जुलैत आपल्याकडे तेच महत्त्वाचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि ऑनलाइन शाळेचे गोडवे तेव्हाच गायले जात होते. जे लाईट गेल्यावर बंद पडतं, त्यावर अख्खा पाठ उभा करू नकोस. पाठ टाचणात (पाठाच्या लेखी आखणीत) एक ओळ कायम ठेव : 'वीज नसल्यास'.

विज्ञानासाठी 'फेट'ची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बघ. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेलं काम, फुकट आहे, काही मराठीतही आहेत, एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. दोन बल्ब एकापाठोपाठ जोडले तर उजेड तेवढाच पडेल की कमी? आधी वहीत. मग बॅटरीचे खरे सेल, खरे बल्ब, खरी वायर. मग सिम्युलेशन, कारण त्यात तारेतून काय वाहतं ते दिसतं, जे खऱ्या वायरीत दिसत नाही. आणि द्विशिक्षकी शाळेत, एका गटाला तू शिकवत असताना दुसरा गट टॅबवर पाढ्यांचा सराव करत बसला, तर त्यात शरमण्यासारखं काही नाही. दोन इयत्ता एका वेळी सांभाळल्या आहेत त्यांनाच त्याची किंमत कळते.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. नोकरी लागली की तुझं तंत्रज्ञान मुलांपर्यंत पोचायच्या आधी फोटोत संपेल. पाठाचा फोटो ग्रुपवर, पोषण आहाराचा आकडा ॲपवर, उपक्रमाचा व्हिडिओ कुठल्याशा लिंकवर, आणि 'आजच संध्याकाळपर्यंत'. मी एकदा मुलं प्रयोग करत असताना फोटो काढायला म्हणून उठले, परत आले तोवर पाणी उकळून गेलं होतं आणि तापमापीचा आकडा कोणीच वाचला नव्हता. तेव्हापासून फोटो शाळा सुटल्यावर, मुलांच्या वहीच्या पानाचा. त्यावरून मला बोलणीही खावी लागली. 'मुलांचे चेहरे दिसत नाहीत, बाई.' न दिसू देत! पान दिसतंय ना? त्यावर चुकीचा अंदाज दिसतोय, त्याच्या शेजारी मुलानेच नंतर लिहिलेलं बरोबर उत्तर दिसतंय. यापेक्षा मोठा पुरावा मी कुठून आणू? आजही तसंच केलं असतं. मला मागासलेली म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी भरतीचा तक्ता मोबाईलवर मुलांपुढे उघडला, ते विचारायला हवं होतं. जाऊ दे, हे तुझ्या निबंधात घालू नकोस.

निबंध परत लिही. चॅटजीपीटीला विचार, खुशाल विचार, पण आधी तुझ्या वहीत, तुझ्या भाषेत, तू काय म्हणतेस ते पानभर लिहून झाल्यावर. मग त्याचं आणि तुझं शेजारी ठेव. तुझं जिथे कच्चं आहे तिथे त्याच्याकडून घे, त्याचं जिथे पोकळ आहे तिथे लाल पेनाने खूण कर. दोन्ही पानं मॅडमना जोडून दे. मार्क कमी मिळाले तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

आणि पुढचा सराव पाठ भरती-ओहोटीचाच घे. आदल्या दिवशी आजोबांना पाऊणपट विचार, मोबाईलला नंतर विचार. टाचण हाताने लिहून फोटो पाठव. मंगळवारी नको, आमच्याकडे त्या दिवशी दुपारपर्यंत लाईट नसते.

तुझी,
बाई